अँटीव्हायरसवाल्यांनी लॉग मागितला. पाठवण्याआधी उघडून पाहिला

हिशेबाची_वही (धागाकर्ती) · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण हा प्रश्न माझ्या एकटीचा नसावा, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सांगलीत माझं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. चार संगणक, आणि सर्व्हर म्हणून वापरतो तो पाचवा. पाचांवरही पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस आहे. गेल्या महिन्यात त्याचं एक मोठं अपडेट आलं आणि तेव्हापासून सकाळी टॅली (आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायला आठ-आठ मिनिटं लागू लागली. रिटर्नचा हंगाम तोंडावर आणि ऑफिसातल्या मुली हातावर हात ठेवून बसलेल्या. कस्टमर केअरला फोन केला. रीस्टार्ट झालं, काढून पुन्हा टाकून झालं. चौथ्या फोनला सांगितलं की सेटिंगमध्ये जाऊन तपशीलवार लॉगिंग, म्हणजे अँटीव्हायरस काय काय करतो त्याची बारीक नोंद, चालू करा, एक दिवस नेहमीसारखं काम करा, मग आमचं टूल चालवा. ते एक झिप फाईल बनवेल, ती या लिंकवर चढवा.

सगळं केलं. झिप झाली ३४० एमबीची. लिंक उघडली होती, फाईल निवडून झाली होती. एवढी मोठी कशी, म्हणून सहज आतली एक टेक्स्ट फाईल नोटपॅडमध्ये उघडली.

पहिल्याच पानावर आमच्या क्लायंटांची नावं.

झालं होतं असं. अँटीव्हायरसने दिवसभरात तपासलेल्या प्रत्येक फाईलचा पूर्ण पत्ता त्यात लिहिला होता. आमच्याकडे फाईलला नाव देताना आडनाव, नाव, पॅन आणि वर्ष घालायची पद्धत आहे. त्यात काही फायलींवर मुलींनी जन्मतारीखही घातलेली, कारण आयकराच्या पोचपावतीची पीडीएफ पॅन आणि जन्मतारीख टाकल्यावरच उघडते. नावातच असली की शोधावी लागत नाही. म्हणजे त्या लॉगमध्ये माणसाचं नाव, पॅन आणि पीडीएफचा पासवर्ड एकाच ओळीत बसले होते. एकाचा नाही, शेकड्यांनी.

खाली गेले तर ब्राउझरमध्ये उघडलेले पत्ते. त्याच दुपारी आईच्या नव्या गोळ्यांबद्दल मी गूगलवर शोधलं होतं. तेही शब्द पत्त्याच्या शेपटीला जसेच्या तसे.

कस्टमर केअरला विचारलं की ही फाईल कोण बघतं, किती दिवस ठेवता. उत्तर आलं, 'ही आमची नेहमीची पद्धत आहे, गोपनीयता धोरण वाचा.' वाचलं. त्यात लिहिलंय, 'निदानासाठी आवश्यक ती तांत्रिक माहिती'. माझ्या क्लायंटचं नाव ही तांत्रिक माहिती आहे का?

अँटीव्हायरस काढून टाकायचा नाही. आमच्याच इमारतीतल्या एका ऑफिसात दोन वर्षांपूर्वी रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं, त्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण ही झिपही जशीच्या तशी पाठवणार नाही. मग करू काय?


मुठाकाठ · सोमवार, रात्री १०.५५

ताई, उघडून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. मी पुण्यात सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये अकरा वर्षं काढली आहेत आणि अशा हजारो झिप उघडल्या आहेत. पाठवण्याआधी आत काय आहे हे विचारणारे ग्राहक त्यात बोटावर मोजण्याइतके होते.

आधी आमची बाजू सांगतो. फाईलचा पत्ता लॉगमध्ये का लागतो? तुमची टॅली हळू उघडते म्हणजे उघडताना अँटीव्हायरस कुठल्या तरी फाईलपाशी अडकतो. ती कुठली, त्या क्षणी दुसरा कुठला प्रोग्राम तिला धरून होता, तपासायला किती मिलिसेकंद लागले, हे दिसलं नाही तर आम्ही आंधळे. रोजचा साधा लॉग छोटा असतो. अमुक फाईल संशयास्पद सापडली, तमुक अपडेट उतरलं, एवढंच. तपशीलवार लॉग वेगळा. तो प्रोग्रामरने स्वतःसाठी लिहून घेतलेला असतो. लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा टेस्टिंगचा संगणक असतो, ज्यावर 'टेस्ट १', 'टेस्ट २' अशा फायली असतात. सांगलीच्या ऑफिसातला फोल्डर त्याच्या डोळ्यांसमोर नसतो. बहुतेक वेळा चूक इथे होते, आणि यात कुणाचा वाईट हेतू नसतो.

वेब पत्त्यांचं कारण असं. एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद वेब वाहतूक, तपासण्यासाठी बरेच अँटीव्हायरस आपलं स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ब्राउझर ज्यावर विश्वास ठेवतो तो दाखला) संगणकात बसवतात आणि ब्राउझर व वेबसाइट यांच्या मध्ये उभे राहतात. त्यामुळे एरवी फक्त ब्राउझरला दिसणारा पूर्ण पत्ता त्यांनाही दिसतो. पासवर्ड बदलायच्या लिंका, शोधलेले शब्द, सगळं त्या पत्त्यात असतं.

आता झिपमध्ये आणखी काय असतं ते सांगतो, कारण तुम्ही एकच फाईल पाहिली आहे. संगणकाचं नाव, विंडोजच्या खात्यांची नावं, नेटवर्कचे आयपी, टाकलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी, ड्रायव्हर, विंडोजचे इव्हेंट लॉग. आणि कधीकधी मेमरी डंप. शेवटात डीएमपी असलेली फाईल आहे का, तेवढं आधी बघा. प्रोग्राम कोसळला त्या क्षणी मेमरीत जे जे होतं त्याचा तो फोटो असतो. त्यात उघड्या कागदपत्राचा मजकूरही येऊ शकतो आणि टाइप केलेला पासवर्डही. डंप झाकता येत नाही, पुसता येत नाही. तुमचं दुखणं संथपणाचं आहे, कोसळण्याचं नाही. डंप देऊ नका.


शाळेची_घंटा · मंगळवार, सकाळी ७.१०

मी शिक्षिका आहे, यातलं फारसं कळत नाही. माझ्या लॅपटॉपवर वेगळा अँटीव्हायरस नाही, विंडोजमध्ये येतो तोच. मी कधी कुठली झिप पाठवलेली नाही. तरी आपोआप काही जात असेल का? मुलांचे निकाल त्यावर असतात.


मुठाकाठ · मंगळवार, सकाळी ८.२०

जातं, ताई. तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या, लोक त्यांची गल्लत करतात.

एक म्हणजे टेलिमेट्री, ती आपोआप आणि सतत जाते. कुठली आवृत्ती, किती धोके सापडले, फाईलचा हॅश (तिच्यावरून गणिताने काढलेला ठसा), असं. दुसरं नमुना पाठवणं. एखादी फाईल संशयास्पद वाटली तर ती फाईलच तपासणीला जाते. तिसरा निदानाचा लॉग, जो तुम्ही हाताने देता. धागा तिसऱ्याबद्दल आहे, तुमचा प्रश्न दुसऱ्याला लागू होतो.

विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज. तिथे 'ऑटोमॅटिक सॅम्पल सबमिशन' दिसेल. ते चालू असलं तरी, फाईलमध्ये वैयक्तिक माहिती असण्याची शक्यता दिसली तर पाठवण्याआधी विचारलं जातं असं मायक्रोसॉफ्ट म्हणतं. निकालांच्या लॅपटॉपवर मी ते बंद ठेवलं असतं. त्याच्या वरचं क्लाउड प्रोटेक्शन मात्र चालू राहू द्या. नव्या व्हायरसपासून बचाव त्यानेच होतो.


पिंपळपार · मंगळवार, दुपारी १२.०५

मला हा सगळा त्रागा जास्त वाटतो, स्पष्ट लिहितो. आपण फोन खिशात घेऊन फिरतो, तो आपण कुठे जातो ते सांगतो. दुकानात मोबाइल नंबर देतो. सोसायटीच्या गेटवर वहीत नाव लिहितो. आधारच्या झेरॉक्स किती ठिकाणी पडल्या असतील देव जाणे. आणि एका नामांकित कंपनीला, तीही आपल्या सुरक्षेसाठीच काम करणाऱ्या, एक लॉग द्यायचा तर एवढा विचार? टॅली बंद राहून रोजचं नुकसान होतंय ते?


हिशेबाची_वही · मंगळवार, दुपारी २.३०

पिंपळपार, नुकसान होतंय हे खरं आहे. माझ्या आईच्या गोळ्यांची माहिती गेली असती तर मी कदाचित तुमच्यासारखंच म्हटलं असतं.

पण ती नावं माझी नाहीत. एक बाई आहेत, घरच्यांना न सांगता त्यांनी थोडी बचत केली आहे आणि त्याचा हिशेब फक्त माझ्याकडे आहे. एका दुकानदाराला नोटीस आली आहे, त्याच्या भावालाही माहीत नाही. फाईलच्या नावात 'नोटीस' हा शब्द आहे. ही माणसं माझ्यासमोर बसून, आवाज खाली करून बोलतात. गेटवरच्या वहीत मी माझं नाव लिहिते, त्यांचं नाही लिहीत.


तपासणी_कक्ष · मंगळवार, सायंकाळी ६.४५

वहीताईंशी शंभर टक्के सहमत. मी विदर्भातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे संगणक सांभाळतो. आमच्याकडे रिपोर्टच्या पीडीएफला पेशंटचं नाव आणि टेस्टचं नाव पडतं, सॉफ्टवेअर तशीच फाईल बनवतं. हा धागा वाचून आज दुपारी आमच्या अँटीव्हायरसचा जुना लॉग उघडला. नाव, अंडरस्कोर, एचआयव्ही. त्या फाईलचा मजकूर कुणाला उघडायची गरजच नाही, सगळं नावातच आलं.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. आम्ही रिपोर्टचं कपाट कुलपात ठेवतो, आणि दोन वर्षांपूर्वी एक लॉग मीच सपोर्टला पाठवला होता. आज दिवसभर तेच डोक्यात आहे. त्यांना ईमेल केली आहे की तो काढून टाका. उत्तर आलेलं नाही.


ओव्हीकोडी · मंगळवार, रात्री ९.१५

मी डेव्हलपर आहे, म्हणून दुसऱ्या टोकाकडून सांगते. ही जबाबदारी वहीताईंवर यायलाच नको होती. लॉग लिहिला जातो त्याच ओळीत नाव झाकलं गेलं पाहिजे. पाठवताना गाळणी लावू असं म्हटलं की तो लॉग तोवर डिस्कवर उघडाच पडून राहतो, बॅकअपमध्ये जातो, दुसऱ्या कुणाच्या हाती लागतो.

मोठमोठ्यांची यात फजिती झाली आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या तेहतीस कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, आठवतंय? कुणी चोरी केली नव्हती. पासवर्ड हॅश करून साठवण्याची व्यवस्था चोख होती. पण हॅश होण्याआधीच तो एका अंतर्गत लॉगमध्ये उघडा लिहिला जात होता. तिजोरी पक्की, आणि शेजारच्या वहीत तिचा आकडा. प्रोग्रामरांच्या गिटहब या साइटलाही त्याच महिन्यात तसंच सापडलं, थोड्या लोकांपुरतं. फेसबुकचं २०१९ मध्ये बाहेर आलं, कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये; त्यासाठी आयर्लंडच्या नियामकाने २०२४ मध्ये फेसबुकच्या मूळ कंपनीला, मेटाला, ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला.

चांगलं उदाहरणही आहे. सिग्नल या मेसेजिंग ॲपमध्ये डीबग लॉग (चुका शोधण्यासाठीचा) पाठवायला जा. पाठवण्याआधी पूर्ण लॉग स्क्रीनवर दिसतो, आणि त्यात फोन नंबर आधीच झाकलेले असतात. दुरुस्तीचं काम त्यांचंही होतंच ना? २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयीन आदेशाने त्यांच्याकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली होती. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच ते देऊ शकले, कारण बाकी ठेवलंच नव्हतं.


वाचनमात्र · मंगळवार, रात्री ९.५०

वाखूसा (वाचनखूण साठवली). ओव्हीकोडी, मग नावांच्या जागी हॅश टाकला की झालं ना? आमच्या कंपनीत तसं करतात.


ओव्हीकोडी · मंगळवार, रात्री १०.३०

नाही होत, आणि पॅनच्या बाबतीत तर मुळीच नाही. हिशेब मांडून दाखवते. पॅनमध्ये दहा अक्षरं. पहिली तीन इंग्रजी मुळाक्षरं, म्हणजे २६ × २६ × २६ = १७,५७६ शक्यता. चौथं अक्षर व्यक्तीसाठी कायम पी. पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर, म्हणजे आडनाव माहीत असेल तर तेही कळलं. मग चार आकडे, दहा हजार शक्यता. शेवटी एक अक्षर, २६. गुणाकार करा, साधारण ४५७ कोटी येतात. आकडा मोठा दिसतो, पण आजच्या चांगल्या ग्राफिक कार्डाला एवढे साधे हॅश काढायला काही सेकंद पुरतात. सगळे काढायचे आणि लॉगमधल्या हॅशशी जुळवायचे, मूळ पॅन हातात. मोबाइल नंबरचंही तेच.

हॅश करायचाच तर त्यात गुप्त किल्ली मिसळावी लागते, आणि ती किल्ली ग्राहकाच्या संगणकाबाहेर जाता कामा नये.


ऱ्हाईनतीर · बुधवार, दुपारी १.२०

जर्मनीतून लिहितोय. नाव झाकलं तरी ओळख राहते, याचं इथे गाजलेलं एक प्रकरण सांगतो.

'सी-टी' म्हणून इथलं जुनं संगणकविषयक मासिक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्या पत्रकाराने कॅस्परस्कीचा अँटीव्हायरस तपासायला घेतला. काम चालू असताना सहज एका वेबपानाचा सोर्स पाहिला, तर त्यात कॅस्परस्कीच्या पत्त्यावरून आलेली एक स्क्रिप्टची ओळ. दुसरी साइट पाहिली, तिथेही. गूगलच्या निकालांपुढे हिरवी ढाल दाखवण्यासाठी अँटीव्हायरस प्रत्येक पानात ती ओळ घुसवत होता. त्या ओळीत एक लांबलचक क्रमांक होता, प्रत्येक संगणकाचा वेगळा आणि न बदलणारा. पानाच्या आतच असल्यामुळे ती वेबसाइट, तिथली जाहिरात, कुणीही तो वाचू शकत होतं. कुकी (वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) पुसा, गुप्त विंडो उघडा, क्रमांक तोच. २०१६ च्या आवृत्त्यांपासून हे चालू होतं. पत्रकाराने कळवल्यावर कंपनीने तो बदलला आणि सगळ्यांना एकच क्रमांक ठेवला.

तो क्रमांक कुणाचा माग काढायला बनवलेला नव्हता. तरी माग काढता येत होता. म्हणून लॉग झाकताना नावांइतकंच लक्ष यंत्राच्या क्रमांकाकडे द्या. परवाना क्रमांक, डिव्हाइस आयडी, मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक). यातला परवाना क्रमांक सपोर्टला लागतोच, तो फोनवर सांगा.


काळा_फळा · बुधवार, दुपारी ३.००

अवांतर होईल, पण अवास्ट या अँटीव्हायरसचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. माझ्या पहिल्या संगणकावर तोच होता. फुकट मिळायचा, कॉलेजातल्या सगळ्यांकडे होता.

हा अँटीव्हायरस आणि त्याची ब्राउझर एक्स्टेन्शन्स आपण कुठल्या साइटवर जातो ते गोळा करायची, कारण सांगायचे सुरक्षेचं. ती माहिती त्यांच्याच जंपशॉट नावाच्या उपकंपनीकडे जायची आणि तिथून विकली जायची. जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅग या तंत्रज्ञानविषयक माध्यमांनी हे कागदपत्रांसकट छापलं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी जंपशॉट बंद करण्याची घोषणा झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि ही माहिती जाहिरातींसाठी विकायला बंदी घातली. त्यांच्या तक्रारीत आहे की शंभराहून जास्त कंपन्यांना विक्री झाली आणि जंपशॉटकडे आठ पेटाबाइटहून जास्त माहिती साठली होती. चेक प्रजासत्ताकाच्या नियामकाने त्याच वर्षी वेगळा ३५ कोटी १० लाख कोरुनांचा दंड केला.

कंपनीचं म्हणणं होतं की नाव-पत्ता काढून टाकलेला होता. पण प्रत्येक ब्राउझरचा एक क्रमांक आणि प्रत्येक क्लिकची अचूक वेळ ठेवली होती. समजा, एखाद्या दुकानाला ती माहिती मिळाली. त्या दुकानाला स्वतःच्या नोंदीतून कळतं की अमुक सेकंदाला आमच्याकडे कोण खरेदी करत होतं. जुळवलं की तो क्रमांक कुणाचा ते कळलं, आणि मग त्या माणसाची बाकीची सगळी भ्रमंती उघडी.

वहीताईंच्या अँटीव्हायरसवर मला असला काही आरोप करायचा नाही. पण 'सुरक्षेसाठी काम करणारी कंपनी आहे' एवढ्यावर विश्वास ठेवा असं कुणी म्हटलं की मला माझा कॉलेजातला संगणक आठवतो.


पिंपळपार · बुधवार, सायंकाळी ५.१०

अवास्टचं मला खरंच माहीत नव्हतं. पण ती विक्री होती, आणि वहीताईंकडे सपोर्टने मागितलाय तो दुरुस्तीसाठी. दोन्हींत फरक आहे. प्रामाणिक कंपनी असेल तर?


मुठाकाठ · बुधवार, रात्री ८.४०

पिंपळपार, फरक आहे, मान्य. म्हणून प्रामाणिक कंपनीचंच उदाहरण देतो. आम्ही सपोर्टवाले याकडे धडा म्हणून बघतो.

ओक्टा ही अमेरिकन कंपनी. हजारो कंपन्यांचे कर्मचारी कामावर लॉग-इन करतात ते तिच्या दारातून. तिचा सपोर्टही वहीताईंच्या अँटीव्हायरसवाल्यांसारखाच लॉग मागतो. ब्राउझरमधली अडचण असेल तर हार नावाची फाईल. ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यात झालेलं सगळं संभाषण त्यात नोंदलेलं असतं, लॉग-इन झाल्यावर मिळालेल्या सेशन कुकीसकट. ती कुकी म्हणजे हातात उघडं दार. पासवर्डही नको, ओटीपीही नको.

सप्टेंबर २०२३ च्या शेवटी कुणीतरी ओक्टाच्या सपोर्ट यंत्रणेत शिरलं. ओक्टाच्या मुख्य यंत्रणेला हातही न लावता ग्राहकांनी चढवलेल्या फायली वाचत बसलं. बियाँडट्रस्ट नावाच्या दुसऱ्या सुरक्षा कंपनीच्या ॲडमिनने सपोर्टने मागितली म्हणून हार फाईल दिली, आणि अर्ध्या तासाच्या आत तिच्यातली कुकी वापरून कुणीतरी त्यांच्या ओक्टा खात्यात घुसायला लागलं. त्यांनी ते पकडलं आणि ओक्टाला कळवलं. वनपासवर्ड आणि क्लाउडफ्लेअर या कंपन्यांनाही तोच अनुभव आला. एकूण १३४ ग्राहकांच्या फायली पाहिल्या गेल्या, त्यातल्या पाचांची सेशन वापरली गेली.

दार कसं उघडलं? ओक्टाच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये स्वतःचं गूगल खातं उघडलं होतं आणि सपोर्ट यंत्रणेच्या एका खात्याचा पासवर्ड त्यात साठला होता.

या साखळीत ग्राहकाने विकलं नाही, कंपनीने विकलं नाही. लॉग फक्त एका जागी ठेवलेला होता. मी सपोर्टमध्ये असताना आमच्या सर्व्हरवर सहा-सहा वर्षांपूर्वीच्या झिप पडलेल्या असायच्या. तिकीट (ग्राहकाच्या तक्रारीची नोंद) बंद व्हायचं, फाईल तिथेच. डिस्क भरली की पुसायची, एवढाच नियम. तेव्हा त्यात काही गैर आहे असं मला वाटलं नव्हतं, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.


कलम_आणि_काथ्या · गुरुवार, सकाळी १०.१५

कायद्याची बाजू थोडक्यात, वकील म्हणून.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य कर्तव्यं लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. क्लायंटची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे वहीताई ठरवतात, त्यामुळे ती सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर येते. पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. छोट्या ऑफिसला कुणी तेवढा लावणार नाही, पण 'अँटीव्हायरसवाल्यांनी मागितला म्हणून दिला' हे उत्तर पुरणार नाही एवढं नक्की.

काही जण मला सांगतात की सरकारच लॉग ठेवायला लावतं, मग काय. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, १८० दिवसांचे लॉग ठेवा आणि घटना घडल्यास सहा तासांत कळवा. त्याच निर्देशांत व्हीपीएनवाल्यांना (इंटरनेटवर ग्राहकाचा ठावठिकाणा झाकणाऱ्या सेवांना) ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन आणि नॉर्डव्हीपीएनसारख्यांनी आपले इथले सर्व्हर हलवले. पण ते लॉग स्वतःकडे ठेवायचे आहेत. अँटीव्हायरस कंपनीला क्लायंटांची यादी धाडा असं त्यात कुठेही नाही. दोन्ही गोष्टी 'लॉग' या एकाच शब्दात अडकल्याने गोंधळ होतो.

ताई, एक करा. लॉग देताना ईमेलमध्ये लिहा की हा फक्त या तिकिटासाठी आहे, आणि काम झाल्यावर काढून टाकल्याचं लेखी कळवा.


शाळेची_घंटा · गुरुवार, सकाळी ११.००

पण मुळात झाकायचं कसं? नोटपॅडमध्ये 'शोधा आणि बदला' करत बसायचं का?


मुठाकाठ · गुरुवार, दुपारी १.३०

त्यावर विसंबू नका. झिपमधल्या बऱ्याच फायली टेक्स्ट नसतात. इटीएल म्हणून विंडोजचा एक प्रकार आहे, शिवाय छोटे डेटाबेस असतात. नोटपॅडमध्ये शोधून नाव सापडलं नाही याचा अर्थ ते तिथे नाही असा होत नाही. टेक्स्टमध्येही नाव कधी इंग्रजीत, कधी देवनागरीत, कधी आखूड करून लिहिलेलं. एखादं राहतंच.

पुसण्यापेक्षा लॉगमध्ये ते येऊच न देणं सोपं. नवीन कोरं विंडोज खातं उघडा, 'ऑफिस१' असं काहीतरी नाव द्या. टॅलीत खोट्या नावांची एक कंपनी तयार करा, पाच-पन्नास नोंदी टाका, आणि ती सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरात ठेवा. बाकी मुलींना अर्धा तास काम थांबवायला सांगा. ब्राउझर बंद. मग तपशीलवार लॉगिंग चालू करा, टॅली उघडा, संथपणा दिसला की बंद करा. लॉगिंग एक दिवस नको, पाच मिनिटं पुरे. आम्हालाही पाच मिनिटांचा लॉग वाचायला आवडतो, ३४० एमबीचा नाही.

तिकिटावर संथपणाची नेमकी वेळ लिहा. '११ वाजून ४ मिनिटांनी टॅलीवर क्लिक केलं, ११ वाजून १२ मिनिटांनी उघडली.' शोधणाऱ्याचं अर्धं काम यानेच होतं.


काळा_फळा · गुरुवार, दुपारी २.१०

यात एक भर. व्हायरस काढायला मदत म्हणून लोक लॉग थेट सार्वजनिक साइटवर चिकटवतात. पूर्वी हायजॅकधिस या तपासणीच्या टूलचे चिकटवायचे, हल्ली एफआरएसटी या तशाच टूलचे. त्यात विंडोज खात्याचं नाव, म्हणजे अनेकदा माणसाचं खरं नाव, टाकलेले प्रोग्राम आणि गेल्या महिन्यात बनलेल्या फायलींची यादी असते. पंधरा वर्षांपूर्वीचे असे लॉग आजही गूगलवर सापडतात. सपोर्टकडचा लॉग निदान एका कंपनीकडे असतो, हे जगासमोर आहेत.


हिशेबाची_वही · शनिवार, सायंकाळी ७.२५

मंडळी, उशीर झाला, पण काम झालं.

मुठाकाठ यांनी सांगितलं तसंच केलं. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत नवीन खातं, खोटी कंपनी, पाच मिनिटांचा लॉग. झिप झाली ११ एमबीची. सगळ्या टेक्स्ट फायली मी आणि ऑफिसातल्या एका मुलीने मिळून वाचल्या, क्लायंटचं एकही नाव नाही. डंप नव्हता. कलम_आणि_काथ्या यांनी सांगितलेलं वाक्य ईमेलमध्ये घातलं आणि फाईल चढवली.

आज दुपारी फोन आला, या वेळी एक मुलगी होती, नीट बोलणारी. कारण असं निघालं की नव्या अपडेटने नेटवर्कवरच्या फायली तपासण्याची सेटिंग आपोआप चालू केली होती. त्यामुळे टॅलीची तीच फाईल सर्व्हरवरचा अँटीव्हायरस तपासत होता आणि आमच्या संगणकावरचाही, प्रत्येक वेळी. चार संगणकांवर ती सेटिंग बंद केली, सर्व्हरवरची तपासणी चालू ठेवली. टॅली वीस सेकंदांत उघडली.

तिला विचारलं की फाईल किती दिवस ठेवता. म्हणाली, तिकीट बंद झाल्यावर ९० दिवस. लेखी द्या म्हटलं तर दिलं. पहिल्या फोनला हे सांगायला काय हरकत होती, असं मी तिला विचारलं. तिने मान्य केलं की हे ग्राहकाला सांगायचं असतं असं त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

ऑफिसात एक बदल केलाय. सोमवारपासून नव्या फायलींना नाव-पॅन नाही, फक्त क्रमांक. क्रमांकाची यादी एका वहीत, हाताने लिहिलेली, कपाटात. जुन्या फायली जसा वेळ मिळेल तशा बदलू.

तपासणी_कक्ष, तुमच्या ईमेलला उत्तर आलं का?


तपासणी_कक्ष · शनिवार, रात्री ८.५०

नाही आलं, ताई. सोमवारी रजिस्टर पत्र टाकतोय. रिपोर्टच्या सॉफ्टवेअरवाल्यांना मात्र विचारलं, फाईलच्या नावात टेस्टऐवजी सॅम्पलचा क्रमांक घालता येतो म्हणाले. सेटिंग आधीपासूनच होती.


मुठाकाठ · शनिवार, रात्री ९.३०

वहीताई, झकास. पण एक विचारायचं राहिलं. सोमवारी तुम्ही तुमच्या नेहमीच्या खात्यावर तपशीलवार लॉगिंग चालू केलं होतं, ते बंद केलंत ना? ते आपोआप बंद होईल असं धरून चालू नका. आणि ती पहिली ३४० एमबीची झिप अजून डाउनलोड्समध्ये असेल, तिची एक प्रत टेम्प फोल्डरातही असते.


हिशेबाची_वही · शनिवार, रात्री १०.०५

आत्ता ऑफिसात येऊन पाहिलं. चालूच होतं. लॉगचा फोल्डर सहा जीबीचा झाला होता, गेल्या सहा दिवसांत उघडलेली प्रत्येक फाईल त्यात. बंद केलं, पुसलं, दोन्ही झिप काढल्या. रोजच्या बॅकअपमध्येही तो फोल्डर जात होता, बॅकअपची डिस्क आता लावली आहे आणि तिथूनही काढते आहे.